फुटेज कोण उघडणार, कुणासमोर?

मंडळी, पत्रिकेत आजच्या विषयाचं नाव ‘रुग्णालयातील सीसीटीव्ही आणि कायद्याचे पालन’ असं छापलंय. नाव रुक्ष आहे, पण निदान धुळ्यात तरी विषय रुक्ष नाही. मार्च २०१७ मध्ये इथल्याच हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी रुग्णालयात एका निवासी डॉक्टरला रुग्णाच्या नातेवाइकांनी एवढं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. अपघातात डोक्याला मार लागलेला रुग्ण होता, न्यूरोसर्जन इथं नव्हता, आणि ‘पुढे न्या’ एवढं सांगणं त्या डॉक्टरला महागात पडलं. मारहाणीची दृश्यं सगळीकडे फिरली. राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचलं आणि सरकारनं सुमारे ११०० सुरक्षारक्षक देण्याचं कबूल केलं. त्यानंतर रुग्णालयात कॅमेरा असावा की नसावा हा वाद जवळजवळ संपला. डॉक्टरांना तो हवा, प्रशासनाला हवा, पोलिसांना हवा. नातेवाइकांनाही हवाच असतो, त्यांचीही तक्रार असते.

तेव्हा कॅमेऱ्याच्या विरोधात आम्ही इथं उभे नाही. आमची टीका वेगळी आहे. कॅमेरा कुठं लावायचा हे सगळ्यांनी ठरवलं. त्यात साठलेलं कोण, केव्हा, कुणासमोर उघडणार, हे लिहून ठेवायला मात्र कुणी बसलं नाही. आणि जे लिहिलं गेलं, ते वाचलं की कळतं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रुग्ण नव्हताच.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचंच घ्या. वैद्यकीय महाविद्यालयांसाठीच्या २०२३ च्या सूचनांत प्रत्येक महाविद्यालयानं २५ कॅमेरे बसवावेत असं आहे. कुठं? प्रवेशद्वार, नोंदणीची खिडकी, ओपीडी, भूल देण्याआधीची आणि शुद्धीवर येण्याची खोली, वर्ग, प्रयोगशाळा, शवविच्छेदनाचा हॉल, अपघात विभाग. आणि हे चित्रण थेट दिल्लीतल्या आयोगाच्या नियंत्रण कक्षात दिसायला हवं. हेतू उघड आहे. कागदावर प्राध्यापक आणि कागदावर रुग्ण दाखवून मान्यता घेणारी महाविद्यालयं या देशात आहेत, त्यांना चाप हवाच. पण बघा काय झालं. प्राध्यापक हजर आहे का, हे तपासायला शिरपूर-साक्रीकडून पहाटेच्या एसटीनं आलेल्या बाईचा चेहरा दिल्लीला पाठवायचा. ओपीडी म्हटलं की त्यात स्त्रीरोगाची ओपीडी आली, गुप्तरोगाची आली, मानसोपचाराचीही आली. शुद्धीवर येण्याच्या खोलीत तर माणसाला स्वतःच्या अंगावरच्या कपड्याचंही भान नसतं. त्याची संमती कुणी घ्यायची, पडद्यापुढे कोण बसणार, चित्रण किती दिवस ठेवणार? त्या यादीत कॅमेऱ्यांची संख्या आहे, जागा आहेत. हे प्रश्न नाहीत. रुग्ण तिथं मोजायची वस्तू म्हणून आलाय.

‘एवढं काय, कॉरिडॉरमध्ये बसलेल्या माणसाचा चेहराच तर दिसतो,’ असं कुणी म्हणेल. गावात गुप्तरोगाच्या खोलीबाहेर बसलेला चेहरा दिसला, तर केसपेपर वाचायची गरज उरत नाही हो.

बरं, कायदा काय म्हणतो? तुकड्यातुकड्यांत पुष्कळ काही म्हणतो. संमतीशिवाय कुणाच्या गुप्तांगाचं चित्रण केलं किंवा पसरवलं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई, तीन वर्षांपर्यंत कैद. बाईचं खासगी क्षणातलं चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ७७. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणी कायदा १९४९ सालचा. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले तेव्हा रुग्णहक्कांची सनद आत आली, तिच्यात खासगीपणा आहे. आणि या सगळ्याच्या वर २४ ऑगस्ट २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा निकाल, खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा. योगायोग असा, की धुळ्याची मारहाण आणि हा निकाल एकाच वर्षातले. पहिल्यामुळे कॅमेरे वाढले. दुसऱ्यामुळे त्यांच्यासाठी काही नियम आले का? पोलिस ठाण्यांसाठी आले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण अठरा महिने, निदान वर्षभर तरी, जपायला सांगितलं, देखरेखीला समित्या नेमायला सांगितल्या. रुग्णालयाच्या वाट्याला असं काही आलं नाही. केसपेपर तीन वर्षं जपायचे आणि मागितले की ७२ तासांत द्यायचे, हा वैद्यकीय परिषदेचा जुना नियम डॉक्टरांना पाठ असतो. पण फुटेज म्हणजे केसपेपर नव्हे. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. म्हणजे आमच्याकडे पुरावा किती दिवस टिकणार हे हार्ड डिस्कचा आकार ठरवतो!

आता नवा कायदा आलाय, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. यावर मोठमोठी व्याख्यानं होताहेत, सल्लागार फिरताहेत, अडीचशे कोटींच्या दंडाची भीती घालून फायली विकताहेत. आम्ही तो कायदा रुग्णाच्या बाजूनं वाचला, आणि तीन ठिकाणी अडखळलो.

एक म्हणजे, आजवरची तरतूद, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि २०११ चे नियम, आरोग्याच्या माहितीला ‘संवेदनशील’ असा वेगळा दर्जा देत होती. ती लागू होती फक्त कंपन्या आणि खासगी व्यवसायांना, म्हणजे खासगी दवाखान्याला होती, सरकारी रुग्णालयाला नव्हती. नवा कायदा सरकारी रुग्णालयालाही कवेत घेतो, हे चांगलं. पण ‘संवेदनशील’ हा दर्जाच त्यानं काढून टाकला. मोबाइल नंबर आणि प्रसूतीच्या खोलीतलं चित्र, दोन्ही एकाच पंक्तीत.

दुसरं, संमतीचं. कलम १७ मध्ये सूट आहे: गुन्हा रोखण्यासाठी किंवा शोधण्यासाठी माहिती वापरली, तर संमती आणि सूचना यांचं बंधन नाही. सुरक्षेच्या कॅमेऱ्याला रुग्णालयं हीच सूट लावतील, आणि अपघात विभागाच्या दारावरच्या कॅमेऱ्याला ती लागू पडावी असं आम्हालाही वाटतं. पण प्राध्यापकाची हजेरी मोजणं म्हणजे गुन्हा शोधणं नव्हे. तोच कॅमेरा, तीच वायर. एका कामाला सूट, दुसऱ्याला नाही. हा फरक रुग्णालयात कोण करणार? आणि सूट मिळाली तरी सुरक्षिततेची जबाबदारी सुटत नाही, हे त्याच कलमात आहे. ते कुणी वाचून दाखवत नाही.

तिसरं आम्हाला सगळ्यात जास्त खटकतं. दंड कितीही मोठा असो, तो जमा होतो भारताच्या संचित निधीत. जिचं चित्र फुटलं, तिला या कायद्याखाली एक रुपया नाही. जुन्या ४३-अ खाली नुकसानभरपाई मागता यायची, ते कलम हा कायदा रद्द करतो.

ही भीती कल्पनेतली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं, बायकांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूबवर आणि टेलिग्रामवर विकायला निघालं. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी ज्यांना पकडलं, त्यांत लातूर आणि सांगली जिल्ह्यांतली आपली पोरं होती. कॅमेऱ्याचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच, ‘अ‍ॅडमिन१२३’, असल्याच्या बातम्या आल्या. तो कॅमेरा तपासणीच्या खोलीत होताच कशाला, हा प्रश्न मात्र पासवर्डच्या बातम्यांत हरवला. कुलूप कच्चं होतं हे खरं, पण त्या खोलीत तिजोरी ठेवायचीच नव्हती.

कॅमेऱ्यानं सगळं सुटतं असं मानणाऱ्यांना जळगाव आठवायला हवं. जून २०२०, कोविडचे दिवस. सिव्हिलमध्ये दाखल झालेली ८२ वर्षांची आजी ‘बेपत्ता’ झाली, आणि आठ दिवसांनी, १० जूनला, तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच स्वच्छतागृहात सापडला. अधिकारी निलंबित झाले, गुन्हा दाखल झाला. स्वच्छतागृहात कॅमेरा लावता येत नाही, लावूही नये. तिथं दिवसातून दोनदा दार ढकलून बघणारा माणूस लागतो. त्या पदाचा पगार वाचवून कॅमेऱ्याचं टेंडर काढणं सोपं असतं, एवढंच.

आता पुराव्याची बाजू. डॉक्टरला मारहाण झाली की २०१० चा महाराष्ट्राचा कायदा आहे, गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. फुटेज आहे म्हणून सगळे निर्धास्त असतात. आणि मग कोर्टात प्रमाणपत्र नसतं. हा धडा सबंध देशाला मराठवाड्यानं दिलाय. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत भरला की नाही, यावर खोतकर-गोरंट्याल असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण होतं, ते जपणारे अधिकारी वारंवार मागूनही प्रमाणपत्र देत नव्हते. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र हवंच. फक्त ज्यानं मिळवायला सगळे प्रयत्न केले त्याला अडवू नका. आता साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्या प्रमाणपत्राचा नमुनाच दिलाय, फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. तुमच्या रुग्णालयात ते कोण लिहून देणार, हे आज ठरलेलं आहे का? वॉचमननं मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं फुटेज आरोपीच्या वकिलाला फार आवडतं.

आणि रुग्णाच्या नातेवाइकाला फुटेज हवं असेल तर? सरकारी रुग्णालयात तो माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा. याच नव्या डेटा कायद्यानं त्या अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललंय, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झालाय. ‘व्यक्तिगत माहिती आहे’ एवढं म्हणून अर्ज परत पाठवता येतो. कलम ८(२) अजून शिल्लक आहे, सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यावी असं. अर्जात त्याचा उल्लेख करा, विसरू नका. पण गंमत बघा. रुग्णाचं रक्षण करायच्या जबाबदाऱ्या मे २०२७ ला येणार, आणि रुग्णाला नाही म्हणायची सोय आधीच आली.

मग नमुना कुठं आहे? आमच्या मते तो कोल्हापुरात आहे, आणि तो चौदा-पंधरा वर्षं जुना आहे. गर्भलिंग तपासणी रोखण्यासाठी तेव्हाचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख (यांना तुम्ही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणूनही ओळखता) यांनी सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवायला लावला. हा भिंतीवरचा कॅमेरा नव्हे, यंत्राच्या पडद्यावर जे दिसतं ते साठवणारी पेटी. रेडिओलॉजिस्टांची संघटना रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन उच्च न्यायालयात गेली. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयानं उपकरण वैध ठरवलं. ते वैध ठरवताना कशावर बोट ठेवलं, ते महत्त्वाचं. चित्रं ऑनलाइन कुठल्या सर्व्हरला जात नाहीत, यंत्रातच राहतात. आणि पेटी उघडायची ती जिल्हाधिकारी किंवा सिव्हिल सर्जन यांनी मागणी केल्यावर, संबंधित डॉक्टरसमोर. म्हणजे हेतू एकच, साठा जागेवर, उघडणारा ठरलेला, आणि उघडताना साक्षीदार.

त्यातही एक उणीव आहे. ‘डॉक्टरसमोर’ हे शब्द आले, ‘रुग्णासमोर’ किंवा ‘रुग्णाला कळवून’ हे आले नाहीत. त्या बाईच्या पोटातलं चित्र आणि बोलणारे दोघं, कलेक्टर आणि डॉक्टर. तरीही दिल्लीला थेट प्रक्षेपण मागणाऱ्या २०२३ च्या सूचनांपुढे कोल्हापूरचा तो कागद कितीतरी शहाणा वाटतो.

मे २०२७ ला अजून अवधी आहे. तोवर धुळ्या-जळगावच्या रुग्णालयांनी सल्लागाराची फाइल विकत घ्यायच्या आधी एक साधं रजिस्टर सुरू करावं, अशी आमची सूचना आहे. तारीख, कुठल्या कॅमेऱ्याचं, कुणी मागितलं, कशासाठी, कुणासमोर उघडलं, नक्कल कुणाला दिली, सही. आणि दिल्लीच्या जोडणीसाठी पहिलं पान राखून ठेवावं. तिथं ‘कुणासमोर’ या रकान्यात काय लिहायचं, ते अधिष्ठात्यांनी आयोगाला पत्र पाठवून लेखी विचारावं. प्रश्न असतील तर आता घेऊ. मागच्या रांगेत डॉक्टर मंडळी बसलीत, त्यांनी आधी बोलावं.