रुग्णवाहिकेसाठी हिरवा दिवा : प्रतिकृतीत काय राहून जाते?

रुग्णवाहिकेला आपोआप हिरवा दिवा देणारी प्रतिकृती आपण विज्ञान प्रदर्शनांत पाहतो. कल्पना उत्तम, पण तिच्यातला साधा ध्वनिसंवेदक सायरन ओळखत नाही, फक्त मोठा आवाज ओळखतो. ट्रकच्या हॉर्नलाही तो फसेल. अमेरिकेतील ‘ऑप्टिकॉम’ यंत्रणेत वाहनावरचा दिवा सेकंदाला सुमारे १४ वेळा लुकलुकतो आणि चौकातले यंत्र नेमकी तीच लय ओळखते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रतिकृतीत आडव्या रस्त्याचा हिरवा दिवा क्षणात लाल होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते; ते थांबणार कसे? पिवळा दिवा गाळला, तर एक जीव वाचवताना दुसरा धोक्यात येईल. म्हणून बक्षीस देण्याआधी आपण विद्यार्थ्यांना विचारूया : पिवळा दिवा किती सेकंद हवा, आणि का?