शंभर आणि शंभर

काँटिनेंटल ओ-200 या इंजिनाचा प्रॉपेलर हाताने हळू फिरवला की ठरावीक जागी एक आवाज येतो : खट्. जुन्या घड्याळाची कमान सुटावी तसा, कोरडा आणि नेमका. रोटॅक्स 912 यूएलएसचा प्रॉपेलर असाच फिरवत राहिलं, तर बऱ्याच फेऱ्यांनंतर तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येते, कुणी हुक्का ओढतंय अशी. दोन्ही इंजिनं चार सिलिंडरची, समोरासमोर पिस्टन असलेली, आणि दोन्हींच्या माहितीपत्रकावर आकडा एकच : शंभर हॉर्सपॉवर. मला विचाराल तर या दोन इंजिनांतला सगळा फरक त्या खट् आणि गुडगुडमध्ये आहे. तो कानाला कळायला मात्र थोडी वाट वाकडी करून आत शिरावं लागतं.

मला ती वाट माझ्या भाच्यामुळे धरावी लागली. तो पुण्याचा. सुटे भाग घेऊन घरीच जोडण्याचं एक दोन आसनी विमान त्याच्या मनात भरलंय : अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीचं सीएच 750. याचंच धाकटं भावंड सीएच 701 आपल्याकडे एनसीसीच्या मुलांनी उडवलेलं आहे. किटमध्ये पत्रा, रिबा, रिव्हेट सगळं येतं. इंजिन आपलं आपण निवडायचं. दिवाळीत तो भोपाळला, बाग सेवनियातल्या माझ्या घरी आला तेव्हा फराळाची ताटं बाजूला सारून त्याने दोन्ही इंजिनांची पुस्तकं टेबलावर मांडली आणि विचारलं, "मामा, दोन्ही शंभरचीच आहेत. मग स्वस्त मिळेल ते घेऊ का?"

माझी नोकरी भोपाळच्या भेलमध्ये, रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटरवर गेली. मोटर बिघडली की गाडी रुळावर उभी राहते, लोक वैतागतात, पण उभी राहते. विमानाला उभं राहायची सोय नाही. हा एक फरक डोक्यात ठेवून ती पुस्तकं वाचायला बसलो आणि मग कितीतरी रात्री त्यांतच गेल्या.

घरी विमान बांधणं ही आपल्याकडे ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान उभं केलं, फेब्रुवारी 2016 मध्ये ते मुंबईत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये डीजीसीएने त्याची नोंदणी केली. आमच्या भेलनेही हरिद्वारच्या कारखान्यात स्वाती नावाचं दोन आसनी शिकाऊ विमान बांधलं होतं. ते पहिल्यांदा 1990 मध्ये उडालं. इंजिनाचा प्रश्न तर त्याहून किती जुना! राइट बंधूंनी 1902 च्या अखेरीला मोटारींच्या कारखान्यांना पत्रं धाडली. हलकं आणि पुरेसं जोरकस इंजिन कुणाकडेच मिळेना, तेव्हा त्यांच्याच सायकलच्या दुकानातल्या चार्ली टेलरने सहा आठवड्यांत ते बनवलं. अॅल्युमिनियमची पेटी, सुमारे बारा हॉर्सपॉवर. त्यांना आठ पुरले असते. म्हणजे जगातलं पहिलं विमानही घरचंच होतं, आणि त्यातही गरज आधी मोजली गेली, ताकद नंतर.

आता तो शंभरचा आकडाच नीट पाहू. काँटिनेंटलचे शंभर 2750 फेऱ्यांवर मिळतात आणि ते लागोपाठ घेता येतात. रोटॅक्सचे शंभर 5800 फेऱ्यांवर मिळतात, तेही पाच मिनिटांपुरते. मग 5500 वर यायचं, आणि तिथे पाचेक हॉर्सपॉवर कमी होतात. काँटिनेंटलच्या पोटात 3.3 लिटरची जागा आहे, रोटॅक्सच्या पोटात जेमतेम 1.35 लिटरची. एक गडी मोठे घास सावकाश खातो, दुसरा लहान घास भराभर. 5500 म्हणजे 2750 ची बरोबर दुप्पट. ही दुप्पट मला फार आवडते, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यातच दडलेली आहे.

प्रॉपेलर पावणेदोन मीटरचा धरा. काँटिनेंटलला तो थेट क्रँकशाफ्टवरच बसवलेला असतो. 2750 फेऱ्यांना त्याचं टोक सेकंदाला सुमारे 250 मीटर धावतं. आवाजाचा वेग 340 च्या आसपास, म्हणजे टोक सुखरूप अलीकडे आहे. रोटॅक्सवर तोच प्रॉपेलर थेट बसवला असता तर टोक 500 मीटरच्या पुढे गेलं असतं. नुसता गोंगाट, ओढ काही नाही. म्हणून रोटॅक्सने मध्ये गियरबॉक्स घातला, 2.43 ला एक असा. इंजिन 5500 ने पळतं, प्रॉपेलर 2260 ने फिरतो, काँटिनेंटलपेक्षाही सावकाश आणि गोडीने. पण पिस्टनचा प्रत्येक ठोका दातांवर आदळला तर गियर फार दिवस टिकणार नाहीत. म्हणून आत स्प्रिंगांवर थोडी सरकणारी एक जोडणी ठेवली आहे, धक्का पिऊन टाकणारी. हे सगळं धरूनही कोरडं वजन साठ किलोच्या आसपास. मी आयुष्यभर गियरकेस पाहिल्या, पण इतक्या लहान जागेत इतका समजूतदारपणा क्वचित पाहिला.

आता काँटिनेंटलच्या सिलिंडरकडे या. बाहेरून नुसत्या पात्याच पात्या, वाऱ्याने गार व्हायला. आत बोट घातलं तर भिंत सरळसोट लागते, पण ती तशी नसते. वाऱ्यावर गार होणाऱ्या विमानी सिलिंडरची नळी थंड असताना डोक्याकडे केसभर निमुळती कातलेली असते. इंजिन तापलं की डोक्याकडचा भाग जास्त फुगतो आणि नळी सरळ होते. म्हणजे हे इंजिन कारखान्यात वाकडं बनवतात आणि ते आकाशात सरळ होतं. लेथवर बसलेल्या माणसाने जे रूप कधी बघितलंच नाही, त्याचं माप आधी धरून कातायचं! असं काम हातात घेतलं की मान आपोआप खाली जाते.

रोटॅक्सने उष्णतेचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला. सिलिंडरच्या नळ्या वाऱ्यावर, पण डोकी पाण्यावर. जिथे आग सगळ्यात जास्त, तिथेच पाणी. सगळीकडे पाणी खेळवून वजन वाढवलेलं नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 42 वर जातो तेव्हा हा विचार किती मोलाचा आहे ते कळतं. त्याच उन्हाची दुसरी बाजू अशी की तापलेली हवा विरळ होते. भोपाळचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सव्वापाचशे मीटरवर आहे. 42 अंशांना तिथल्या हवेची घनता साधारण 1600 मीटर उंचीवरच्या हवेइतकी उतरते. आपण धावपट्टीवर उभे असतो आणि इंजिन कळसूबाईच्या माथ्याजवळची हवा ओढत असतं. शंभरातले पंधरा-सोळा तिथेच गळतात, दोन्ही इंजिनांचे सारखेच. फरक पुढे आहे. काँटिनेंटलमध्ये हवा विरळ झाली की वैमानिकाने हाताने पेट्रोल कमी करायचं असतं. चांगल्या हाताला ते कानाने जमतं. रोटॅक्सचे दोन कार्बुरेटर हवेच्या दाबावर पिस्टन वरखाली करून पुष्कळसं माप स्वतःच जुळवतात. एकाने वैमानिकाच्या कानावर विश्वास टाकलाय, दुसऱ्याने त्याचं एक काम कमी केलंय. दोन्हींत माणसाचा विचार आहे.

आता तो खट्. काँटिनेंटलला दोन मॅग्नेटो असतात, बॅटरीवाचून स्वतःची वीज स्वतः करणारे. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. दुसरा प्लग राखीव आहे असं वाटतं, पण उडण्याआधी एक मॅग्नेटो बंद करून पाहिला की फेऱ्या थोड्या घसरतात. सिलिंडर रुंद आहे. दोन बाजूंनी ज्योत लागली तरच मिश्रण वेळेत जळतं. पण हाताने फिरवताना मॅग्नेटो इतका सावकाश फिरतो की ठिणगीच पडू नये. म्हणून त्यात एक कमान बसवली आहे. ती मॅग्नेटोला अडवून धरते, ताणत जाते आणि योग्य जागी एकदम सोडते. तो झटका पुरेसा वेगवान असतो, शिवाय ठिणगीही थोडी उशिरा, म्हणजे सुरू होताना हवी तशी पडते. इंजिन एकदा चालू झालं की कमानीची खिटी आपोआप बाहेर फेकली जाते आणि ती बाजूला होते. काम झालं की बाजूला होण्याची ही अदब मला त्या खट्मध्ये ऐकू येते.

गुडगुडीचं रहस्य याहून गमतीचं. पिस्टनच्या कडेने थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. सगळे इंजिनवाले त्याला दोषच मानतात. रोटॅक्सने त्यालाच कामाला लावलं. तेल वेगळ्या टाकीत असतं, आणि इंजिनातून टाकीत तेल परत न्यायला दुसरा पंप नाही. हा निसटलेला वायूच त्याला ढकलतो. सगळं तेल परत गेलं की मागून वायू येतो आणि टाकी गुडगुडते. ती ऐकल्यावरच तेलाची पट्टी बघायची, आधी बघितलेलं माप खोटं. दोषाची अशी चाकरी करून घेणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

इथवर वाचलं तेव्हा एक तार मला सापडली, आणि माझ्या दृष्टीने हेच या दोन्ही इंजिनांचं मर्म. मोटारीत अॅक्सिलरेटरची तार तुटली की इंजिन मंद होतं. ते रस्त्यावर बरंच आहे. रोटॅक्सच्या कार्बुरेटरवर स्प्रिंग उलट लावली आहे : तार तुटली की ती थ्रॉटल पूर्ण उघडते. मॅग्नेटोचंही तसंच. त्याचा स्विच बंद करणं म्हणजे त्याची वीज एका तारेने इंजिनाच्या अंगाला जोडून मारून टाकणं. ती तार तुटली तर मॅग्नेटो बंदच होत नाही, ठिणगी देत राहतो. दोन वेगळ्या देशांत, दोन वेगळ्या पिढ्यांतल्या माणसांनी एकच गोष्ट ठरवली : काही तुटलंच, तर ते चालू राहण्याच्या बाजूने तुटावं. याची किंमतही आहे. जमिनीवरचा प्रॉपेलर किल्ली काढलेली असली तरी जिवंत समजायचा. ही किंमत त्यांनी समजून उमजून मोजली आहे, आणि म्हणूनच ती निवड मला इतकी थोर वाटते.

आपल्या मातीत आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. एक पेट्रोल. रोटॅक्सचं मोठं कौतुक हे की ते मोटारीच्या पेट्रोलवर चालतं, पण त्याची इथेनॉलची मर्यादा दहा टक्के, आणि आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांचं मिळतं. मग उरतं विमानाचं पेट्रोल, जे इंडियन ऑइल 2022 पासून वडोदऱ्याला बनवतं. त्यात शिसं असतं. ते साचतं म्हणून तेल लवकर, पंचवीस तासांनीच, बदलायचं. काँटिनेंटलला हे पेट्रोल सहज चालतं, प्लग तेवढे पुसावे लागतात. दुसरी गोष्ट पावसाळा. लायकॉमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या अंगाला असतो. विमान दोन महिने उभं राहिलं की तेल ओघळून जातं आणि ओल्या हवेत त्याला गंज धरायचं भय. काँटिनेंटलने तो क्रँकशाफ्टच्या खाली ठेवला, जिथे तेलाचा ओलावा राहतो. पुष्पक हे आपल्या फ्लाइंग क्लबांचं लाडकं विमान याच घराण्यातल्या सी-90 इंजिनावर उडायचं. नव्वद हॉर्सपॉवर, पोटात जागा मात्र ओ-200 इतकीच. त्यामुळे या घराण्याचे नखरे ओळखणारे मेकॅनिक आपल्याकडे तयार झाले, आणि ही ओळख कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नसते.

मी घेतलं असतं तर ओ-200 घेतलं असतं. मला त्याचा संथपणा मानवतो, आणि पाना-फीलर गेजने जे कळतं त्यावर माझा विश्वास आहे. भाच्याने रोटॅक्स निवडलं. तो वहीत तास लिहिणारा, पंचविसाव्या तासाला न चुकता तेल बदलणारा मुलगा आहे; त्या इंजिनाला तसाच माणूस लागतो. मी त्याला अडवलं नाही.

जाण्याच्या आदल्या रात्री त्याने वहीचं पहिलं पान मला दाखवलं. वरती लिहिलेले दोन शंभर त्याने खोडले होते. खाली दोन रकाने आखले होते. डावीकडे भागांची नावं : थ्रॉटलची तार, तेलाची नळी, पाण्याचा पाइप, बॅटरी. उजव्या रकान्याचं शीर्षक होतं, 'तुटलं तर?' पहिल्या ओळीसमोर त्याने लिहिलं होतं : 'थ्रॉटल पूर्ण उघडतो. उडत राहा, धावपट्टीवर ये, मग इंजिन बंद कर.' पुढच्या ओळी कोऱ्या होत्या. मी चहा ठेवला आणि आम्ही दुसऱ्या ओळीला बसलो.