सांध्यावरची सही

टोनी मॉरिसन ५ ऑगस्ट २०१९ ला न्यूयॉर्कात गेल्या. वय ८८. तेव्हापासून जो उठतो तो बाईंच्या बक्षिसांबद्दल बोलतो. 'बिलव्हेड'ला १९८८ चं पुलित्झर, १९९३ चं नोबेल. खरंय, लहान गोष्ट नाय ती. पण ह्या बोलण्यात बाईंची अर्धी जिंदगी गायब होते. ती अर्धी जिंदगी टेबलामागची आहे. दुसऱ्याचं हस्तलिखित वाचायचं, त्यातलं हीण काढायचं, मालकाशी भांडून ते छापून घ्यायचं, आणि पुस्तकावर नाव त्या दुसऱ्याचं. मला ह्याच जिंदगीबद्दल बोलायचंय.

सुरुवात बाईंच्या बापापासून करू. ओहायोतलं लोरेन हे पोलादाचं गाव. बाप जॉर्ज वॉफर्ड तिथं वेल्डर. बाई सांगायच्या : जहाजाच्या पत्र्याचा सांधा एकदम बिनचूक जमला की बाप त्यावर आपली आद्याक्षरं उमटवायचा. पोरगी म्हणाली, हे कुणाला दिसणार? बाप म्हणाला, मला तर ठाऊक असेल! सूतगिरणीत तुटलेला धागा सांधणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाय. कापडावर आपलं नाव नसतं. पण सांधा कच्चा राहिला तर कापड बोलतं.

१९६५ साली नवरा सुटलेला, पदरी दोन पोरं, अशा अवस्थेत बाई रँडम हाऊस ह्या बड्या प्रकाशनाच्या शालेय पुस्तकांच्या शाखेत लागल्या. मग न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीत ललित पुस्तकांच्या संपादक झाल्या. त्या खुर्चीवर आधी काळी बाई बसली नव्हती. पोरं उठायच्या आत, अंधारात, स्वतःची कादंबरी लिहायची, दिवसभर दुसऱ्यांची.

आता १९७२ घ्या. ही साल आपल्याला पाठ आहे. मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ह्याच साली. ज्यांच्यावरून आपण नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरच्या ह्यूई न्यूटनचं लेखन 'टू डाय फॉर द पीपल' ह्या नावानं त्याच साली पुस्तक होऊन निघालं. त्याचं संपादन कुणी केलं? ह्याच बाईंनी. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक होतं? मला नव्हतं. अँजेला डेव्हिसचं आत्मचरित्र १९७४ ला, महंमद अलीचं १९७५ ला, गेल जोन्सची 'कॉरेगिडोरा' १९७५ ला, टोनी केड बंबाराच्या कथा १९७२ ला. सगळे सांधे ह्या एका हातचे.

मोर्चात बाई नव्हत्या. हे त्यांनी लपवलं नाय. त्यांचं म्हणणं सरळ होतं : जे रस्त्यावर उतरले त्यांचा शब्द छापून राहील एवढं माझं काम. आपल्याकडं कुणी असं बोललं तर आपण त्याला पळपुटा म्हणू. मीही म्हटलं असतं. पण हेन्री ड्यूमासचं बघा. कवी, कथाकार. २३ मे १९६८ ला हार्लेमच्या भुयारी रेल्वे स्टेशनात पोलिसानं त्याला गोळी घातली. वय ३३. कागद मागं पडले. यूजीन रेडमंड ह्या कवीमित्रानं ते सांभाळले, लावले, आणि मॉरिसनबाईंनी १९७४ ला रँडम हाऊसमधून कथा आणि कविता अशी दोन पुस्तकं काढली. माणूस मारला तो मारलाच. पण कागद मरू दिले नाहीत. हे काम मोर्चापेक्षा हलकं कसं म्हणायचं?

काही शहाणे म्हणतात, दुसऱ्यांच्या मागं बाईंचा स्वतःच्या लेखनाचा वेळ गेला. हे मला साफ खोटं वाटतं. १९७४ ला 'द ब्लॅक बुक' निघालं. काळ्यांच्या तीनशे वर्षांच्या इतिहासाची चिकटवही म्हणा : कात्रणं, फोटो, माणसं विकल्याच्या पावत्या, गाणी. गोळा करणारे दुसरे, मुखपृष्ठावर नावं त्यांची. घडवणाऱ्या बाई. त्यात एक जुनं कात्रण होतं. मार्गारेट गार्नर, १८५६ साल, केंटकीतून पळालेली गुलाम आई. धरायला माणसं आली तेव्हा तिनं स्वतःच्या पोरीला मारलं, पण गुलामीत परत जाऊ दिलं नाय. १९८७ ची 'बिलव्हेड' उगवली ती ह्या कात्रणातून. दुसऱ्यांच्या चोपड्या चाळल्या नसत्या तर ती कादंबरी कुठून आली असती? तेव्हा संपादन हा बाईंच्या लेखनातला अडथळा नव्हता. ते त्यांच्या लेखनाचं शेत होतं.

पण मी पूजेला बसलो नाय. एक गोष्ट बोललीच पाहिजे. बाई बसल्या ती खुर्ची दुसऱ्याच्या घरातली होती. १९८३ ला बाई उठल्या आणि त्या घरातून निघणारी काळ्यांची पुस्तकं रोडावली. एका माणसाच्या जोरावर उघडलेलं दार त्या माणसामागं लोटलं जातं. बाईंची त्यात चूक नाय. पण आपल्याला शिकायचंय ते हेच. खुर्ची मिळाली तर बाईंसारखी वापरावी, पण छापखाना आपला असावा. सायक्लोस्टाईलचा का असेना.

आणि शेवटचं. बंबारा १९९५ ला गेली. अटलांटात काळ्या लेकरांचे खून झाले, त्यावर ती वर्षानुवर्षं लिहीत होती. ढीगभर कागद टाकून गेली. नोकरी सोडून बाईंना एक तप झालेलं, नोबेलही मिळालेलं. तरी मैत्रिणीचा तो ढीग बाईंनी मांडीवर घेतला, लावला, आणि १९९९ ला पुस्तक निघालं. नाव बंबाराचं.

दोस्तहो, आपल्या अंकाकडं कविता ढिगानं येतात. मीही पाठवतो. प्रुफं तपासायला मात्र दोनच डोकी येतात. तुमच्या वस्तीत कुणा गेलेल्या शाहिराची, कुणा आजीची वही पेटीत पडली असेल. वाळवी लागायच्या आत ती बाहेर काढा. घेऊन या. पाळी सुटली की बसून वाचू.