शूस्टरचें गांव आणि साक्षीचा मान

अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानांत, बफेलो शहराच्या दक्षिणेस सुमारें ३० मैलांवर, स्प्रिंगव्हिल नांवाचें लहानसें गांव आहे. इ. स. १९०८ च्या न्यूयॉर्क ते पॅरिस ह्या मोटार-शर्यतीचा विजेता म्हणून ज्याचें नांव घेतात तो जॉर्ज शूस्टर उत्तरायुष्यांत येथें राहिला व ४ जुलै १९७२ रोजीं, वयाच्या ९९ व्या वर्षीं, येथेंच वारला. गांवानें त्याला आपला मानला आहे. जुन्या पोथ्या व ताम्रपट ह्यांच्या चर्चेंत मोटारगाडीस काय काम, असें कोणी विचारील. परंतु एखाद्या गांवानें एखाद्या पुरुषाचें स्मरण कोणत्या अधिकारानें करावें, हा प्रश्न ताम्रपटापेक्षां ह्या मोटारीनेंच अधिक उघड होतो; कारण येथील मूळ साधनें शतकभरापूर्वींचीं असून एकमेकांवर घासून पाहतां येतात.

शर्यत १२ फेब्रुवारी १९०८ रोजीं न्यूयॉर्कच्या टाइम्स चौकांतून सुटली. पॅरिसचें 'ल मातँ' व अमेरिकेचें 'न्यूयॉर्क टाइम्स' हीं दोन वर्तमानपत्रें तिचीं पुरस्कर्तीं होतीं. गाड्या सहा: तीन फ्रेंच, एक इटालियन, एक जर्मन व एक अमेरिकन. अमेरिकन गाडी म्हणजे बफेलोच्या टॉमस कारखान्याची 'टॉमस फ्लायर'. ती ४१ दिवसांनीं सॅन फ्रान्सिस्कोस पोंचली; तेथून जहाजानें अलास्कांतील वाल्डेझला गेली, बर्फांतून वाट नाहीं असें पाहून परतली, मग जपान, व्लाडिव्होस्टॉक व सैबेरिया असें करीत ३० जुलै रोजीं पॅरिसला आली. जर्मन 'प्रोटोस' गाडी त्यापूर्वीं चार दिवस, म्हणजे २६ जुलै रोजींच, तेथें हजर होती! परंतु ती अलास्काला गेली नव्हती व अमेरिकेंतील कांहीं मार्ग तिनें आगगाडीवर चढून काटला होता. म्हणून तिच्या विरुद्ध ३० दिवस धरण्यांत आले. अर्थात् अमेरिकन गाडी २६ दिवसांनीं जिंकली तो निकाल रस्त्यावरचा नव्हे, पंचांचा होय. निकाल न्याय्य नव्हता असें माझें म्हणणें नाहीं. पण 'प्रथम पोंचला' आणि 'विजयी ठरला' ह्या दोन वाक्यांत भेद आहे, व लोककथन तो भेद नेमका गिळून टाकतें.

दुसरा घोटाळा 'शूस्टरनें न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत गाडी हांकली' ह्या विधानाचा. निघतांना चक्र मॉन्टेग्यू रॉबर्ट्सच्या हातीं होतें. शूस्टर यांत्रिक म्हणून बसला होता. शायेनपासून लिन मॅथ्यूसन व ऑग्डेनपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत हॅरॉल्ड ब्रिंकर ह्यांनीं ती चालविली. तेथून पुढें मात्र भार शूस्टरवर आला. त्याचा खरा विशेष हा कीं, आरंभापासून शेवटपर्यंत गाडीबरोबर राहिलेला अमेरिकन तोच एक. हा मान लहान नाहीं. तरी स्तुति करणारांना तो पुरेसा वाटत नाहीं.

गाडीची हकीकत आपल्या मंडळींस विशेष रुचेल. टॉमस कारखाना बुडाल्यावर ती विकली गेली व पुढें हेन्री ऑस्टिन क्लार्क ह्यांच्या संग्रहांत आली. इ. स. १९६४ त विल्यम हॅरा ह्यांनीं ती घेतली. परंतु हीच ती गाडी कशावरून? नव्वदी ओलांडलेल्या शूस्टरला नेव्हाडांतील रेनो येथें नेऊन ती दाखविण्यांत आली. प्रथम तो साशंक होता. मग प्रवासांत स्वतः केलेल्या दुरुस्तीच्या खुणा ओळखून त्यानें निर्वाळा दिला. एखाद्या लेखकानें पोथीच्या समासांतील आपलें अक्षर ओळखावें, तसलाच हा प्रकार. येथवर सर्व ठीक. पण नंतर गाडी पॅरिसला पोंचली तेव्हां जशी होती तशी करण्यांत आली, आणि मधल्या अर्धशतकाचे थर गेले. जीर्ण पोथीवरील मागाहूनचीं अक्षरें खरवडून 'मूळ पाठ' सिद्ध करणारांचे प्रताप आपण पाहिलेच आहेत. रेनोच्या संग्रहालयांतील ती गाडी डोळ्यांस सुख देते, पण पुराव्याच्या दृष्टीनें मला ती थोडी धुतलेली वाटते.

शूस्टरचें आत्मकथन टॉम महोनी ह्याच्या साह्यानें इ. स. १९६६ त प्रसिद्ध झालें. म्हणजे घटनेनंतर ५८ वर्षांनीं, आणि ह्याच शर्यतीवरून सुचलेला एक विनोदी चित्रपट निघून गेल्यावर. उलट प्रोटोसचा नायक हान्स कोपेन ह्याचें जर्मन पुस्तक व इटालियन गाडींतील आंतोनियो स्कार्फोलियो ह्याचें प्रवासवृत्त हीं दोन्ही ताज्या आठवणींचीं. शिवाय वर्तमानपत्रांस धाडलेल्या तारा आहेतच. ह्या चार साक्षी शेजारीं शेजारीं मांडल्यावांचून शूस्टरचें कोणतेंहि स्मारक पुरें होणार नाहीं.

मग स्प्रिंगव्हिलचा अधिकार तो कोणता? शूस्टरचा जन्म तेथला नव्हे, तो बफेलोचा; कारखानाहि बफेलोचा; शर्यतीचा आरंभ न्यूयॉर्कला, शेवट पॅरिसला, गाडी रेनोला. उरतो तो एवढाच कीं, शेवटचा साक्षीदार त्या गांवीं राहिला. ह्याला मी कमी लेखीत नाहीं. चांदूर बाजाराहून फार लांब नसलेलें रिद्धपूर पाहा. चक्रधरस्वामींचा जन्म भडोचचा, आणि संचार बहुतेक गोदातीरचा; तरी लीळाचरित्राच्या इतिहासांत रिद्धपुराचा मान मोठा, कारण म्हाइंभटानें ठिकठिकाणीं साक्षीदार गांठून गोळा केलेल्या लीळा तेथें ग्रंथबद्ध झाल्या. पुढें मूळ प्रत धाडींत गेली तेव्हां त्या पुन्हां स्मरणानें जुळविल्या गेल्या. आणि जेथें स्मरणांत फरक पडला तेथें अमक्याची 'वासना' अशी म्हणून तो फरक नोंदविला गेला, लपविला गेला नाहीं. सातशें वर्षांपूर्वीं आमच्या वऱ्हाडांत ही शिस्त होती. आजच्या जयंत्यांच्या फलकांवर ती क्वचितच आढळते.

शूस्टरच्या स्मरणशिळेवर म्हणून 'विजेता' ह्या शब्दाशेजारीं २६ आणि ३० जुलै ह्या दोन्ही तारखा असाव्यात, व रॉबर्ट्स, मॅथ्यूसन, ब्रिंकर हीं नांवेंहि. पॅरिसची एक गोष्ट मात्र स्वतंत्र ओळींत घालावी. गाडीला दिवा नाहीं म्हणून तेथल्या शिपायानें तिला अडविलें. तेव्हां एका सायकलवाल्यानें आपला दिवा देऊं केला, तो सायकलीवरून निघेना, म्हणून सायकलच गाडींत चढविली, असें सांगतात. गोष्ट इतकी सुबक आहे कीं ती 'शूस्टरची वासना' ह्या मथळ्याखालीं नोंदविणेंच बरें.