न पुसणारी वही आणि लिहिणारा माणूस

आजचा विषय नवा, पण प्रश्न जुना आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्याबद्दल सामान्य माणसांनी लिहिलेले लेख, पत्रं, स्वतःचे अनुभव ब्लॉकचेनवर सर्वांसाठी खुले ठेवायचे, म्हणजे कोणत्याही सरकारला किंवा झुंडीला ते पुसता येणार नाहीत, अशी कल्पना सध्या मांडली जाते. हेतू चांगलाच आहे, पण चांगल्या हेतूची कल्पनाही तपासून घ्यावी लागते.

ब्लॉकचेन म्हणजे काय, ते आधी आपल्या भाषेत बघू. तलाठ्याकडची फेरफाराची वही तुम्हाला माहीत आहे. वारस लागला, जमीन विकली, तर जुनी नोंद खोडत नाहीत. पुढच्या क्रमांकाची नवी नोंद घालतात. ब्लॉकचेन ही तशीच वही, फरक दोन. एक, तिच्या प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा अंगठा असतो. मागचं एक अक्षर बदललं तरी पुढचे सगळे अंगठे जुळेनासे होतात. दुसरा, ही वही एकाच्या कपाटात नसते. तिच्या प्रती जगभर पसरलेल्या असंख्य संगणकांवर असतात. एक प्रत जळली तरी वही राहते.

याचं बळ मी नाकारत नाही. ५ जानेवारी २००४ ला पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला, तेव्हा एका छपराखालचा ठेवा किती असहाय असतो ते आपण पाहिलं. आणि आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. नरसीच्या नामदेवांची ६१ पदं शिखांच्या ग्रंथात आहेत. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी तो सिद्ध केला आणि ती पदं तिथे स्थिरावली. मराठी गाथेत मात्र नंतरच्या इतर नाम्यांच्या रचना मिसळल्या. कोणता अभंग कोणाचा, हा वाद अभ्यासकांत अजून आहे. अभंगातली नाममुद्रा कोणीही वापरू शकतो. ब्लॉकचेनवरची सही मात्र किल्ली हाती असल्याशिवाय करता येत नाही. हा खरा फायदा आहे.

आता चीनमधली गोष्ट ऐका. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या युए शिन या विद्यार्थिनीने खुलं पत्र लिहिलं. लैंगिक अत्याचाराच्या एका जुन्या प्रकरणाची माहिती मागितली म्हणून विद्यापीठाने आपल्यावर दबाव आणला, असं तिचं म्हणणं होतं. इंटरनेटवरून ते पत्र भराभर काढून टाकलं गेलं. तेव्हा कोणीतरी ते इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरच्या एका व्यवहारात घालून ठेवलं. ते आजही तिथे आहे. २०२१ मध्ये हाँगकाँगचं 'ॲपल डेली' बंद पडलं, तेव्हा त्यातले लेखही काही लोकांनी अशाच एका साखळीवर चढवले. ब्लॉकचेनची बाजू घेणारे ही उदाहरणं अभिमानाने सांगतात.

पण ते अर्ध्यावर थांबतात. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये कामगारांच्या लढ्याला पाठिंबा देणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केली, त्यात युए शिनला ताब्यात घेतलं. पुढे बराच काळ तिचा ठावठिकाणा बाहेर कळला नाही. पत्र शाबूत राहिलं, लिहिणारी हातातून गेली. माझा मुद्दा इथून सुरू होतो.

मजकूर जपणं आणि माणसाला बोलू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्तेला मजकूर पुसावा लागतो तो नाइलाज म्हणून. लिहिणाऱ्याला धरणं तिला जास्त सोपं जातं. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली, ती आठवा. ती पोस्ट न पुसणाऱ्या वहीत असती, तर त्या मुलींना काय मिळालं असतं? पोलिसांना मात्र कधीही न हरवणारा पुरावा मिळाला असता. त्यांच्यासारख्यांच्या उपयोगी पडला तो सर्वोच्च न्यायालयाचा २४ मार्च २०१५ चा निकाल. श्रेया सिंघल खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. तिथे कोर्ट लागलं, वकील लागले, लोकांचा आवाज लागला. हे काम कोणताही संगणक करत नाही.

यावर सांगतात की टोपणनावाने लिहा. समजा, सेनगावची एकोणीस वर्षांची मुलगी घरात होणाऱ्या जाचाबद्दल टोपणनावाने लिहिते. तिची किल्ली एकच. दहा वर्षांनी ती किल्ली कुठे तिच्या नावाशी जुळली, की मागचं सगळं लिखाण एका दिवसात तिच्या नावावर लागतं. तोवर तिचं मत बदललं असेल, किंवा घरात समेट झाला असेल. वही म्हणते, वाटल्यास नवी नोंद घाल, जुनी राहणारच. जमिनीच्या बाबतीत हे योग्य आहे, माणसाच्या मनाच्या बाबतीत नाही. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये मतस्वातंत्र्याची बाजू मांडली, ती माणूस चुकतो आणि चर्चेतून सुधारतो या पायावर. सुधारणाऱ्या माणसाला मागचं मागे टाकता आलं पाहिजे. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनीही याच अंगाने विचार केला आहे.

आणखी एक अडचण आहे. पेवात धान्य भरपूर आहे, पण तोंडावर धोंडा ठेवला तर खाणार काय? ही वही सामान्य वाचक थेट वाचत नाही, एखाद्या संकेतस्थळातून वाचतो. सरकार ते संकेतस्थळ बंद करू शकतं. मग लेख अमर, पण वाचक नाही. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्याची कथा आपण सांगतो. अभंग टिकले ते लोकांना पाठ होते म्हणून. लोकांना ते हवे होते, हे त्यातलं महत्त्वाचं.

मग टाकून द्यायचं का सगळं? नाही. मजकूर लेखकाच्या ताब्यात राहू द्या. वहीत फक्त त्याचा अंगठा ठेवा, म्हणजे अमुक तारखेला हा मजकूर असाच होता एवढं सिद्ध होईल. अंगठ्यावरून मजकूर वाचता येत नाही. उद्या लेखकाने लेख मागे घेतला, तर अंगठा कोणाचं नुकसान करणार नाही. आणि प्रती गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत ठेवा, लेखकाने लिहून दिलेल्या अटींवर: कधी उघडायचं, कोणाला दाखवायचं, कधी परत द्यायचं.

स्वतःचं बोलणं मागे घेण्याचा हक्क हासुद्धा बोलण्याच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. तो हक्क सरकारने हिरावला किंवा यंत्राने हिरावला, लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा.