‘सकाळी पोट साफ’ : एका जाहिरातीची तपासणी

ठाकुर्लीला सकाळची धिमी लोकल येते तेव्हा बसायला जागा मिळण्याची आशा कोणी धरत नाही. उभ्याने प्रवास करताना वाचायला समोर असतात त्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती. त्यांत पोटाच्या चूर्णाची एक तरी असतेच. पोटावर हात ठेवलेला त्रासिक चेहऱ्याचा गृहस्थ, शेजारी तोच गृहस्थ हसताना, आणि खाली तीन आश्वासने : रात्री एक चमचा, सकाळी पोट साफ, सवय लागत नाही, संपूर्ण नैसर्गिक. कोणत्याही एका उत्पादनाचे नाव घेण्याचे कारण नाही. डबा बदलला, भाषा बदलली, तरी आश्वासने थोड्याफार फरकाने हीच असतात.

या जाहिरातीकडे मी लक्ष देऊ लागलो ते आमच्या इमारतीतल्या एका निवृत्त काकांमुळे. गेली बारा वर्षे ते रोज रात्री चूर्ण घेत होते. एकदा जिन्यात गाठून म्हणाले, “सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना? डबीवर लिहिलंय, सवय लागत नाही. मग मला हे सुटत का नाही?”

प्रश्न रास्त होता. विज्ञान शिकवणाऱ्याने एखाद्या पाठाची करावी तशी या जाहिरातीची तपासणी करून पाहू.

पहिले आश्वासन : पोट साफ

‘साफ’ या शब्दातच पहिली गफलत आहे. मोठे आतडे म्हणजे रोज धुऊन काढायचा हंडा, अशी कल्पना त्यामागे आहे. प्रत्यक्षात हे सुमारे दीड मीटर लांबीचे आतडे रिकामे राहण्यासाठी नाहीच. लहान आतड्यातून त्यात रोज साधारण दीड लिटर पातळ द्रव येतो. त्यातले बहुतेक पाणी आणि क्षार ते परत शोषून घेते. उरलेल्या भागाला मलाचे रूप यायला एक ते दोन दिवस लागतात. म्हणजे निरोगी माणसाच्या मोठ्या आतड्यात कोणत्याही क्षणी काही ना काही असतेच.

मग बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे? १९६५ मध्ये ब्रिटनमधील हजाराहून अधिक कारखाना-कामगारांच्या सवयींची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळजवळ सर्वजण दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा या मर्यादेत बसत होते. आपल्या आहारात तंतुमय पदार्थ जास्त असल्याने भारतात रोज एकदा किंवा दोनदा जाणारे अधिक आढळतात, हे खरे. पण एखाद्या दिवशी न होणे हा आजार नव्हे. वारंवार कुंथावे लागणे, मल खड्यांसारखा कठीण होणे, पूर्ण झाले नाही असे वाटत राहणे ही लक्षणे ‘आज झाले की नाही’ यापेक्षा अधिक महत्त्वाची आहेत. १९९७ मध्ये ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार दाखवणारी तालिका प्रसिद्ध केली. ती आज जगभर वापरली जाते आणि तिच्यात दिवस मोजलेले नाहीत.

दुसरे आश्वासन : सवय लागत नाही

अशा बहुतेक चूर्णांतला मुख्य कार्यकारी घटक म्हणजे सोनामुखीची पाने. त्यांतील सेनोसाइड हे द्रव्य साखरेच्या रेणूला जोडलेले असते. त्यामुळे ते लहान आतड्यात फारसे शोषले जात नाही. मोठ्या आतड्यातील जिवाणू ही जोडणी तोडतात आणि मग औषध जागे होते. ते आतड्याचे आकुंचन वाढवते आणि पाणी शोषण्याचे काम मंदावते. या सर्वाला सहा ते बारा तास लागतात. रात्रीच्या चमच्याचा परिणाम सकाळी का दिसतो, याचे उत्तर एवढेच.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळू. इमारतीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. ती भरायला दोन दिवस लागतात. सोमवारी सकाळी कोणी तिची तळाची तोटी उघडून सगळे पाणी सोडून दिले, तर मंगळवारी सकाळी नळाला पाणी येईल का? येणार नाही, आणि त्यात नळाचा दोष नाही. जोरदार रेचकाने आतड्याचा मोठा भाग एकदम रिकामा होतो. तो पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागणे स्वाभाविक आहे. पण दुसऱ्या दिवशीची ती रिकामी सकाळ माणसाला अस्वस्थ करते. ‘पाहा, चूर्ण घेतले नाही तर होतच नाही’ असा निष्कर्ष तो काढतो आणि रात्री पुन्हा चमचा घेतो. बुधवारी टाकी पुन्हा रिकामी! अशी बारा वर्षे गेली, तरी आतड्याला आपले आपण काम करून दाखवायची संधी मिळतच नाही.

म्हणजे ‘सवय लागत नाही’ हे आश्वासन रसायनाविषयी बरेचसे खरे असेलही. सेनोसाइडची ओढ तंबाखूसारखी लागत नाही. सवय लागते ती या चुकीच्या हिशेबाची, आणि ‘रोज सकाळी साफ’ ही पहिली ओळ तोच हिशेब वाचकाच्या मनात पक्का करते. जाहिरातीची पहिली ओळ तिच्या दुसऱ्या ओळीला खोटे पाडते.

इथे आपल्या बाजूची चूकही कबूल केली पाहिजे. ‘रेचकांनी आतडे कायमचे आळशी होते’ असे मी स्वतः वर्गात अनेक वर्षे सांगत आलो. दीर्घकाळ रेचके घेणाऱ्या रुग्णांच्या आतड्यातील चेतातंतूंना इजा दिसल्याचे निरीक्षण १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले होते. तेव्हापासून ही समजूत पसरली. मात्र ती इजा औषधाने झाली की मुळातल्या आजाराने, हे त्यावरून ठरत नव्हते. बद्धकोष्ठतेविषयीच्या गैरसमजांचा आढावा घेणारा म्यूलर-लिस्नर आणि सहकाऱ्यांचा लेख २००५ मध्ये आला. योग्य मात्रेत घेतलेल्या उत्तेजक रेचकांनी आतडे निकामी होते याला भक्कम पुरावा नाही, असे त्यात दाखवले आहे. अतिरेकी मात्रेचा धोका मात्र खरा आहे. वारंवार जुलाब झाले की शरीरातले पोटॅशियम कमी होते. स्नायूंच्या आकुंचनाला पोटॅशियम लागते, त्यामुळे आतड्याची हालचाल आणखी मंदावते.

हा फरक महत्त्वाचा आहे. ‘तुमचे आतडे आता गेले’ असे ऐकलेला माणूस प्रयत्नच सोडून देतो. ‘हिशेब चुकतो आहे’ असे कळलेला माणूस तो सुधारू शकतो.

तिसरे आश्वासन : संपूर्ण नैसर्गिक

शाळेच्या प्रयोगशाळेतली फिनॉल्फ्थॅलीनची बाटली आठवा. आम्लात रंगहीन, अल्कलीत गुलाबी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत वाइनमधली भेसळ ओळखण्यासाठी हे द्रव्य वापरण्याचा विचार झाला, आणि ते तीव्र रेचक असल्याचे उघडकीस आले. १९०६ मध्ये अमेरिकेत मॅक्स किस या हंगेरियन वंशाच्या औषधविक्रेत्याने ते चॉकलेटसारख्या वडीत घालून विकायला काढले. पुढे सुमारे नऊ दशके लोक ते खात राहिले. प्राण्यांवरील चाचण्यांत कर्करोगाचा धोका दिसल्यावर, १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या रेचकांतून ते हद्दपार केले.

याचा अर्थ ‘रासायनिक ते वाईट, झाडपाल्याचे ते चांगले’ असा होत नाही. सोनामुखीचे सेनोसाइडही रसायनच आहे. ते झाड बनवते इतकेच. एखादे द्रव्य निर्धोक आहे की नाही, हे त्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही आणि ते किती वर्षे खपते यावरूनही ठरत नाही. मात्रा आणि चाचणी यांवरून ते ठरते. जाहिरातीत या दोन्हींविषयी अवाक्षर नसते.

जाहिरात जे सांगत नाही

आता पुन्हा लोकलकडे. पोटात अन्न गेले की मोठे आतडे प्रतिक्षिप्त क्रियेने हलू लागते आणि सकाळी ही क्रिया विशेष जोरदार असते. ठाकुर्लीचा नोकरदार पहाटे घाईघाईत चहा घेऊन स्थानक गाठतो. वेग येतो तो दिवा-मुंब्र्याच्या आसपास, आणि मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसते. वेग दाबला की मल गुदाशयात तसाच राहतो. त्यातले पाणी शोषले जाते, तो कठीण होतो आणि हळूहळू वेगाची जाणीवच बोथट होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘नवेगान्धारणीय’ नावाचा एक अख्खा अध्यायच आहे. न दाबण्याचे तेरा वेग त्यात सांगितले असून मलवेग त्यांतलाच. आयुर्वेदाचे नाव घेणाऱ्या जाहिरातीला हा अध्याय आठवत नाही, कारण तो चमच्याने विकता येत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याची. गुदाशयाभोवती एक स्नायू गोफणीसारखा अडकलेला असतो आणि मार्गाला बाक देऊन तो बंद ठेवतो. उकिडवे बसल्यावर हा बाक सरळ होतो; कमोडवर ताठ बसल्यावर तेवढा होत नाही. २०१५ साली आलेल्या ‘पिकू’ या हिंदी चित्रपटात हीच गोष्ट एक पात्र कागदावर चित्र काढून म्हाताऱ्या नायकाला समजावते. बद्धकोष्ठतेवर घरात मोकळेपणाने बोलता येते, हे त्या चित्रपटाने दाखवले आणि रोजच्या हिशेबाने घर कसे वेठीला धरले जाते तेही. गुडघे दुखणाऱ्यांनी कमोडसमोर पायाखाली एक पाट घेतला तरी बराच फरक पडतो.

मग चमचा कमी कसा करायचा?

आधी डॉक्टरांना भेटावे. मलातून रक्त जाणे, वजन घटणे, रक्तक्षय, उतारवयात नव्याने सुरू झालेली तक्रार, यांपैकी काही असेल तर घरगुती प्रयोग नकोत. थायरॉइडची कमतरता, तसेच लोह, कॅल्शियम, काही वेदनाशामके आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या यांमुळेही बद्धकोष्ठता होते. तेव्हा आपली सर्व औषधे त्यांना दाखवावीत.

एकदम बंद करू नये. आधी पर्याय उभा करावा : इसबगोल, भाकरी, उसळी, पालेभाज्या, सालीसकट फळे हळूहळू वाढवत न्यावीत आणि सोबत पुरेसे पाणी प्यावे. गरज वाटल्यास डॉक्टर लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल देतात. ही द्रव्ये आतड्यात पाणी धरून ठेवतात. त्यांच्या आधाराने चूर्णाची मात्रा काही आठवड्यांत उतरवता येते. न्याहारीनंतर रोज ठरावीक वेळी पाच-दहा मिनिटे बसावे, कुंथू नये. आणि मधली एक-दोन रिकामी सकाळ घाबरून न जाता जाऊ द्यावी. सर्वांत अवघड तेच असते.

तंतुमय पदार्थांनी सर्वांचेच भागत नाही. काहींचे स्नायू सैल पडण्याऐवजी नेमके त्या वेळी आवळतात. त्यांना स्नायूंचे प्रशिक्षण लागते. कंपवात, मज्जारज्जूची इजा, कर्करोगाच्या वेदनांसाठी घेतलेली मॉर्फिनसारखी औषधे, अशा स्थितींत रेचक दीर्घकाळ घ्यावेच लागते आणि त्यात कमीपणा नाही.

काकांचे चूर्ण पूर्ण सुटलेले नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या चमच्यावरून ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले आहेत. “मंगळवारी झालं नाही, तर बुधवारची वाट बघतो,” असे ते आता सांगतात.

वर्गात करण्यासारखे

दोन पेल्यांत एकेक चमचा इसबगोल घ्या. एकात पेलाभर पाणी घाला, दुसऱ्यात दोनच चमचे. दहा-पंधरा मिनिटांनी पाहा. पहिल्यात मऊ जेली, दुसऱ्यात चिकट घट्ट गोळा. इसबगोलासोबत भरपूर पाणी का प्यायचे, हे सांगावे लागणार नाही.

पण त्याआधी शाळेचे शौचालय पाहून या. तिथे पाणी आहे का? आतून कडी लागते का? ते घाण असते म्हणून किती मुले, विशेषतः मुली, दिवसभर वेग दाबतात आणि पाणीही पीत नाहीत? एखाद्या मुलाची चड्डी वारंवार खराब होत असेल, तर तो आळशी किंवा घाणेरडा आहे असे समजू नका. पुष्कळदा साठलेल्या कठीण मलाच्या कडेने पातळ मल झिरपत असतो आणि मुलाला ते कळतही नाही. अशा मुलाला डॉक्टर मल मऊ करणारे औषध कित्येक महिने देतात. ‘सवय लागेल’ या भीतीने पालक ते मध्येच बंद करतात, आणि त्रास परत येतो.

तासाच्या मध्ये कोणी हात वर करून ‘जाऊ का?’ विचारले, तर मीही पूर्वी ‘मधल्या सुट्टीत जा’ म्हणत असे. आता म्हणत नाही.