पाणी गाळायची तीन मिनिटं

मागच्या चातुर्मासात कलबुर्गीच्या माझ्या भाचीनं स्वयंपाकाचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही, मग रोज करायचं काय, असं विचारणाऱ्या नव्या सुना आपल्याकडं घरोघर आहेत, आणि सांगणाऱ्या सासवा गावी राहिल्यात. पहिला व्हिडिओ वरणफळांचा होता. डाळ कलबुर्गीचीच. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आम्हाला ती त्याच्या आधीपासून ठाऊक होती, ते असो. शूटिंग आळंदजवळच्या तिच्या सासरच्या वाड्यात झालं, कारण तिथं आड आहे.

व्हिडिओ चौदा मिनिटांचा. सुरुवातीची दीड मिनिटं नमस्कार, संगीत आणि मंदिराच्या शिखराचे फोटो. त्यानंतर तीन मिनिटं ती नुसतं पाणी गाळते. छन्ना दुहेरी करून हंड्याच्या तोंडावर बसवते, धार बारीक ठेवते. मग गाळलेल्या पाण्यानंच छन्ना उलटा धुऊन ती जिवाणी परत आडात सोडते, तीही वरून न ओतता, बुडाला कडी असलेल्या बादलीनं थेट पाण्यापर्यंत नेऊन. त्याच्यापुढं डाळ, कणीक, फोडणी.

आठ दिवसांनी ती माझ्याकडं आली आणि फोन पुढं धरून म्हणाली, “मावशी, बघ की, इथंच लोक पळायलेत.”

ज्यांनी हा आलेख पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यूट्यूब व्हिडिओ करणाऱ्याला एक रेघ दाखवतं. त्याला ऑडियन्स रिटेन्शन म्हणतात. डावीकडं व्हिडिओची सुरुवात, उजवीकडं शेवट, आणि कुठल्या क्षणाला शंभरातले किती जण अजून बघत होते ते रेघेची उंची सांगते. रेघ सपाट असली तर लोक बघतायत. खाली आली तर उठून गेले किंवा पुढं सरकवलं. मध्येच उंचवटा आला तर मागं नेऊन पुन्हा पाहिलं. पहिल्या तीस सेकंदांना किती उरले ते वेगळं लिहून येतं. भाचीची रेघ नमस्कारालाच अर्ध्यावर आली होती आणि पाणी गाळताना आणखी उतरत गेली होती. फोडणीपाशी मात्र उरलेली मंडळी घट्ट बसलेली.

मी म्हटलं, “काढून टाक.”

हे मी म्हटलं याची नोंद राहू दे. दुसऱ्यांचं लिखाण तपासताना पहिली दोन पानं फाडायला सांगायची मला सवय आहे, आणि ती सवय बहुतेक वेळा बरोबर ठरते. तिनं नमस्कार कापला, पाणी गाळणंही कापलं. यूट्यूबच्या आतच कापता येतं, व्हिडिओची लिंक तीच राहते, आकडे तसेच राहतात. साडेनऊ मिनिटांचा सुटसुटीत व्हिडिओ झाला. रेघ सुधारली. आम्ही दोघी खूश.

आता जरा भाचीला बाजूला ठेवून या सगळ्या प्रकाराकडं बघू. मराठी स्वयंपाकाचे व्हिडिओ आज ज्या घाटाचे झालेत तो घाट प्रेक्षकांनी घडवलाय, असं माझं मत आहे, आणि त्यातला पुष्कळसा भाग चांगला घडलाय. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं. वाटी-चमच्याचं माप त्यानं घरात आणलं, पण चकली तेलात विरघळली तर वाचणारीनं पुस्तकाला काय विचारायचं? व्हिडिओखाली ते विचारता येतं. “ताई, माझी चकली तेलात सुटली, काय चुकलं?” या एका प्रश्नाला “मोहन जास्त झालं” हे एका ओळीचं उत्तर, आणि पुढच्या दिवाळीच्या व्हिडिओत मोहनाची वाटी कॅमेऱ्यापुढं तिरपी धरून दाखवलेली. हा खरा अभिप्राय. “खूप छान ताई” अशा शंभर ओळींतून बनवणारीच्या हाती काहीच लागत नाही. जिचं बिघडलं तिची एक ओळ तेवढी कामाची.

मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत असताना इंग्रजीतून सुरुवात केली आणि पुढं मराठीत आल्या. त्यांच्या व्हिडिओंत हे ऐकणं दिसतं. अमुक किलोच्या प्रमाणात, इतक्या वाट्या, आच कधी कमी करायची, कुठं चुकू शकतं. बोलणं नेमकं, फापटपसारा नाही. त्यात मला कधी कधी श्वास घ्यायला जागा मिळत नाही, पण फराळाच्या दिवशी तेलाची कढई चुलीवर असताना श्वास हवाय कुणाला?

दुसरीकडं ‘आपली आजी’. नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आणि त्यांचा नातू यश पाठक. २०२० साली नातवानं पावभाजी करायला सांगितली, आजींना येत नव्हती, त्यानं फोनवर व्हिडिओ दाखवले आणि आजी म्हणाल्या की याच्यापेक्षा बरी मी करीन. म्हणजे त्यांची सुरुवातच दुसऱ्याच्या व्हिडिओवरच्या टीकेनं झाली. टीका करणारी बाई म्हणून मला त्या जवळच्या वाटतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांचा चॅनल हॅक झाला आणि चार दिवसांत परतही मिळाला. आजींचं बोलणं रेघेकडं बघून आखलेलं नाही. अंदाजानं मीठ, मध्येच एखादा शब्द अडतो, हात मात्र थांबत नाही. पहिल्या तीस सेकंदांत प्रेक्षक धरून ठेवायचे जे नियम सांगतात त्यातला एकही त्यांनी शिकून घेतल्यासारखा दिसत नाही, तरी लाखो लोक बसून बघतात. कारण आपली आजी सुटून गेली ही चुटपुट बघणाऱ्याच्या मनात असते. ती कुठल्या रेघेत मावायची?

पण या दोघींसारखे थोडेच. बाकी बहुतेक ठिकाणी रेघेची भीती दिसते. “ही एक चूक कधीच करू नका”, “शेवटपर्यंत बघा, गुपित सांगते”, आणि गुपित काय, तर चिमूटभर सोडा. याचं मूळ व्यवहारात आहे. २०१२ पर्यंत यूट्यूब किती जणांनी दाबलं ते मोजायचं; तेव्हापासून किती वेळ बघितलं ते जास्त धरायला लागलं. २०१८ पासून पैसे सुरू व्हायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास बघणं ही अट आली. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटं. एकेकानं पाच मिनिटं पाहिलं तर अठ्ठेचाळीस हजार वेळा बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत आपण अख्ख्या देशात साडेचव्वेचाळीस लाख, शेकडा अर्ध्याहूनही कमी. त्यातल्या मराठी बोलणाऱ्या किती, त्यातल्या पाणी गाळून वापरणाऱ्या किती, आणि त्यातल्या आमच्या बिदर-कलबुर्गीच्या भाषेला न हसणाऱ्या किती? पैशाच्या हिशोबानं चालायचं तर ज्यांच्यासाठी व्हिडिओ केला त्यांना सोडून दुसऱ्यांसाठी करायला लागतं. रेघ ते हळूहळू करवून घेते. कुणी जबरदस्ती करत नाही, आपणच “इथं पळायलेत” म्हणत एकेक तुकडा कापत जातो.

तर भाचीच्या त्या व्हिडिओचं पुढं असं झालं. दशलक्षण पर्वात एके दुपारी आमच्याकडं मंदिरात स्वाध्याय संपल्यावर बायका बसल्या होत्या. एकीनं फोन काढला, समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची ती जुनी लिंक उघडली आणि मला विचारलं, “अक्का, तुमच्या भाचीचं ते पाणी गाळायचं कुठं गेलं हो?”

मी विचारलं, ते कशाला हवं?

“अहो, जिवाणी सोडायचं दाखवली होती की. तीनदा बघितलो आम्ही. आमच्याकडं नळ आल्यापासून सगळ्या विसरल्यात. सुनेला दाखवायचं म्हणून आज उघडलो, तर नाहीच.”

किती जणींनी पाहिलं होतं म्हणून विचारलं, तर दहा-बारा. फोन एकच. म्हणजे यूट्यूबच्या वहीत तो एक प्रेक्षक. आणि त्या दहा-बारा जणींपैकी एकीनंही खाली काही लिहिलं नव्हतं. टाईप करायचं, तेही परक्या माणसांपुढं, ही आपल्या बायकांची रीत नाही. त्या मंदिरात सांगतात, फोन करून सांगतात, नाहीतर लग्नात भेटल्यावर सांगतात.

घरी येऊन मी भाचीला आधीच्या आलेखाचा फोटो पाठवायला लावला. उतरत्या रेघेवर, बरोबर जिवाणीच्या जागी, एक लहानसा उंचवटा होता. आम्ही तो पाहिलाच नव्हता, कारण आम्ही उतार बघत होतो. मग तिनं नवे प्रेक्षक आणि परत परत येणारे प्रेक्षक यांच्या रेघा वेगळ्या काढल्या. ते तिथंच एका बोटानं होतं. नव्यांची रेघ पहिल्या मिनिटात कोसळलेली. परत येणाऱ्यांची पाणी गाळताना जेमतेम हललेली. आम्ही दोन वेगळ्या माणसांची सरासरी काढून तिसऱ्याच, नसलेल्या माणसाला खूश करत बसलो होतो.

रेघ खोटं बोलली नव्हती, हेही सांगायला पाहिजे. नमस्काराची दीड मिनिटं रटाळच होती, गेली ते बरं झालं. आणि पाणी गाळणं तिनं खरंच वाईट टिपलं होतं. निम्मा वेळ तिचा खांदाच दिसतो, जिवाणी म्हणजे काय ते ती पुटपुटते, बादलीची कडी कुठं बांधली ते अंधारात. शुद्धतेचा विषय आहे म्हणून कॅमेरा कसाही धरला तरी चालतो असं आपल्या समाजातले पुष्कळ व्हिडिओ समजतात. प्रवचनांचे तर विचारू नका: पंख्याचा आवाज, माईक लांब, आणि पहिली वीस मिनिटं सत्कार. तिथं उठून जाणाऱ्याला मी अधर्मी म्हणणार नाही. रेघ कंटाळा बरोबर दाखवते. कंटाळा विषयाचा की सांगणारीचा, हे मात्र तिला सांगता येत नाही. ते ओळखायचं काम आपलं. मी त्या दिवशी ते केलं नाही.

वीरशासन जयंतीला दरवर्षी सांगतात ती गोष्ट मला तेव्हापासून निराळी ऐकू येते. भगवान महावीरांना केवलज्ञान झालं, समवसरण रचलं गेलं, आणि ६६ दिवस दिव्यध्वनी खिरली नाही. का, तर गणधर नव्हता. इंद्रभूती गौतम आले तेव्हा विपुलाचलावर वाणी सुरू झाली. लहानपणी मला ही गुरुभक्तीची गोष्ट वाटायची. आता वाटतं, सभा तर भरलेली होती. देव, माणसं, पशू, सगळे आपापल्या कोठ्यात बसलेले. गर्दीची उणीव नव्हतीच. समजून घेऊन पुढं सांगणारा एक जण हवा होता, आणि त्याच्यासाठी ६६ दिवस थांबलं गेलं. यूट्यूबवर ६६ दिवस गप्प बसणाऱ्याचं काय होतं ते भाचीला विचारलं तर ती हसायलीच.

जुना व्हिडिओ पूर्ववत करायची सोय होती, पण तिनं ती वापरली नाही. तिनं तो भाग पुन्हा टिपला. या वेळी कॅमेरा धरायला सासूबाई उभ्या राहिल्या, आणि जाऊबाईंनी छन्ना धरला. सकाळचा उजेड होता, कडी दिसली, दोरीची गाठ दिसली. जिवाणी म्हणजे काय ते एका वाक्यात, स्पष्ट. तीन मिनिटांची पावणेदोन झाली. व्हिडिओखाली वेळेच्या खुणा घातल्या: पाणी गाळणे, जिवाणी, कणीक, फोडणी. ज्यांना थेट फोडणीला जायचंय त्यांनी जावं. रेघ त्या जागी अजून उतरते, पहिल्यापेक्षा कमी.

मंदिरात मी तो नवा व्हिडिओ माझ्याच फोनवर लावला. बायका बघत होत्या. बघून झाल्यावर मघाच्याच त्या म्हणाल्या, “बरं झालंय. पण जिवाणीला घाई केलीस म्हणावं. आणि पिठाचं सांगितलीच नाही.” पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, वरणफळांची कणीक कधीच्या दळणाची होती, हा त्यांचा प्रश्न. मी तिथूनच भाचीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, “काकू, परवाचंच दळण होतं ते.” “मग सांगायचं की गं,” काकू म्हणाल्या, “आम्हाला कसं कळणार?”